रोझमेरीचा काढा आणि तिसरा प्रश्न

माझ्या वडिलांची स्मरणशक्ती मी विज्ञानाच्या मदतीने परत आणली, आणि त्यानंतर माझी बायको अकरा दिवस माझ्याशी बोलली नाही. यात विज्ञानाचा काही दोष नाही, हे आधीच सांगून टाकतो. विज्ञान बिचारं नागपुरात होतं. धानोऱ्यात मी होतो.

तेव्हा आमचा जिल्हा चांदा. गडचिरोली हे तहसिलीचं गाव आणि त्याच्याही पलीकडे, जंगलात, धानोरा. तिथल्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. म्हणजे एक भिंग, एक लोहचुंबक आणि बरणीतला एक बेडूक एवढ्या सामानावर जेवढं शिकवता येतं तेवढं. बी.एस्सी. मी दुसऱ्या वर्षी सोडली होती. (सोडली असं मी म्हणतो. कॉलेजचं म्हणणं वेगळं होतं.) त्यामुळे आपल्या हातून एखादं मोठं संशोधन व्हायचं राहून गेलं, ही खंत मला जुन्या खोकल्यासारखी होती. मधूनमधून उसळायची.

बाबा जंगल खात्यात नाकेदार होते. नोकरी संपल्यावर आईला घेऊन आमच्याकडे राहायला आले. अख्ख्या रेंजमधली झाडं त्यांना तोंडपाठ. पण आई गेली आणि वर्षभरात त्यांच्या डोक्यातून एकेक गोष्ट उठून चालती व्हायला लागली. आधी चष्मा, मग वार, मग माझ्या बायकोचं नाव. शेवटी आई गेली हेच ते विसरले. सकाळी उठले की अंगणात यायचे आणि विचारायचे,

"मधू, तुही माय कुठी गेली?"

मी खरं काय ते सांगायचो. मग ते ओसरीचा खांब धरून मटकन खाली बसायचे आणि रडायचे, जणू आत्ताच तार आली. दुपारपर्यंत विसरायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई एकदाच मेली होती, पण बाबांपुरतं मी तिला रोज सकाळी मारत होतो.

माझी बायको सुशीला या भानगडीत पडायची नाही. बाबांनी तिला विचारलं की ती चुलीवरून मानही न वळवता सासऱ्याला सांगायची, "भावाकडे गेल्या, मामाजी, सिरोंच्याले. धान कापनं झालं का येतीन." बाबा म्हणायचे, "हो का? सांगून तरी जावं मानसानं." आणि पोटभर भात खायचे.

"खोटं काऊन सांगतं त्यायले?" मी एकदा तिला विचारलं.

"ते जेवतेत म्हणून," ती म्हणाली.

पण विज्ञानाच्या मास्तरला खोटं खपवून घेता येत नाही, असं माझं तेव्हा मत होतं. बाबांना एकदाचं नीट आठवलं, आठवून पचलं, की रोजचं रडणं संपेल, हा माझा हिशेब. अशात चिंतामणचं पत्र आलं.

चिंतामण माझा कॉलेजातला सोबती. तो पास झाला आणि नागपुरात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत लागला. त्याने लिहिलं होतं की निलगिरीच्या डोंगरातून त्यांनी रोझमेरी नावाच्या विलायती झुडपाच्या फांद्या आणवल्यात. पानं सुईसारखी, वास कापराच्या चुलतभावासारखा. तिचं तेल काढून पोटदुखी, डोकेदुखी, केसगळती यांवर काही उपयोग होतो का, हे त्यांचे प्राध्यापक तपासून राहिले होते. विलायतेत म्हणे जुनी समजूत आहे की या झाडाने स्मरणशक्ती तल्लख होते, आणि आता तिकडचे शास्त्रज्ञही त्यात लक्ष घालताहेत. 'तुझ्याकडे एक रोप पाठवतो.'

इथपर्यंत वाचलं आणि मी पत्र खिशात घातलं. पत्र पुढे आणखी चार ओळी होतं. पण आंधळा मागतो एक डोळा आणि इथे तर झाडच्या झाड चालत येत होतं. पुढचं वाचायला सवड कोणाला?

रोप सर्व्हिस मोटरने आलं, घासलेटच्या डब्यात, ड्रायव्हरच्या शेजारी बसून. मी ते अंगणात तुळशीजवळ ठेवलं. कोरी वही काढली. वर सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'रोझमेरीच्या काढ्याचा वृद्धाच्या स्मरणशक्तीवर होणारा परिणाम.' रोज सकाळी काढ्याचा एक कप आणि त्यानंतर तीन प्रश्न. पहिला, आज वार कोणता? दुसरा, काल रात्री भाजी कोणती होती? तिसरा, आई कुठे आहे?

"तिसरा काढून टाका," सुशीला म्हणाली.

"अगं, तोच तर मुख्य आहे."

"मुख्य हाय म्हणूनच म्हणते."

मी तिला समजावलं की संशोधनात भावनेला जागा नसते. ती म्हणाली, "घरात असते," आणि पाट्यावर मिरच्या वाटायला बसली. त्या दिवशीची भाजी फार तिखट होती.

पहिल्या दिवशी काढा पिऊन बाबांनी तोंड वाकडं केलं. "हे काय हाय बे? गुरायले पाजतेत तसं." मी वही उघडली.

"बाबा, आज वार कोणता?"

"तुले शाळा नाई का आज?"

"नाही."

"मंग आइतवार असन. मले काऊन विचारतं?"

उत्तर बरोबर होतं, पण आठवणीने आलेलं नव्हतं, अकलेने आलेलं होतं. अर्धे गुण दिले. भाजीबद्दल ते म्हणाले, "जे वाढलं ते खाल्लं." शून्य. तिसऱ्याला म्हणाले, "आता तर इथंच होती." शून्य. मग वर्गात करतो तेच मी केलं. चुकलेल्या पोराला बरोबर उत्तर सांगायचं आणि त्याच्याकडून दोनदा म्हणवून घ्यायचं, ही माझी पद्धत. हात इतका बसलेला की आपण काय करतोय हे कळलंही नाही. बाबांनी दोनदा म्हटलं. मग खांबाला धरून बसले.

आठवडाभर असंच चाललं. मग माझ्या मनात आलं की चांगल्या डोक्यावर या काढ्याचा काय परिणाम होतो तेही बघावं. दसरूभाऊ हे बाबांचे जंगलातले जुने साथीदार, गोंड, पलीकडच्या टोल्यावरचे, म्हणजे वाडीवरचे. कोणत्या ओढ्याच्या काठी कोणत्या साली अस्वल दिसलं हे त्यांना विचारावं. मी त्यांच्यापुढे कप धरला. त्यांनी आधी पान मागितलं, हुंगलं आणि कप खाली ठेवला.

"हे नवं पान हाय, मास्तर. वाडवडलायले देल्ल्याबिगर आमी नवं खात नाई. आंबा नाई, मोह नाई. मंग हे कसं खाऊ?"

"अहो, हे विलायती आहे. यात तुमच्या वाडवडिलांचा काय संबंध?"

"त्यायनं कधी खाल्लं नसन. म्हणूनच आधी त्यायले."

त्यांनी उठून रोपाची सगळ्यात चांगली, भरलेली फांदी मोडली आणि अदबीने घरी घेऊन गेले. देवाचा दिवस ठरेल तेव्हा आधी त्यांना देऊ, मग मी पितो, म्हणाले. दिवस ठरायला महिना होता. माझ्या संशोधनाची एक बाजू अशी दसरूभाऊंच्या वाडवडिलांच्या वाट्याला गेली.

उरलेल्या फांद्या तरी नीट वाढाव्यात ना? त्या पिवळ्या पडायला लागल्या, मग काळ्या. मी शेणखत घातलं. आणखी काळ्या. एका रविवारी ओसरीत तपासायच्या वह्या घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. बाबा लोटा घेऊन आले, रोपाला पाणी घातलं, आत गेले. थोड्या वेळाने लोटा घेऊन पुन्हा आले. मग पुन्हा. दुपारपर्यंत मी नऊ लोटे मोजले.

"बाबा, किती पाणी घालता?"

"आता कुठी घातलं? तुही माय उठली नाई अजून. तिच्या तुळशीले पाणी कोन घालन?"

आई रोज सकाळी तुळशीला पाणी घालायची. तुळशीच्या शेजारी जे उभं राहिलं ते बाबांच्या लेखी तुळसच. शिवाय तुळस नऊ लोटे पचवते, ही विलायतेची नाजूक पोर. मी डब्यावर पाटी लावली: 'पाणी घालू नये.' बाबांनी ती मोठ्याने वाचली, "बराबर हाय" म्हणाले आणि पाणी घातलं. मी डबा परसात नेला. तिथे गेले. गोठ्याच्या छपरावर ठेवला, तर शेजाऱ्याकडून शिडी मागून आणली. बायको मेली हे विसरणारा माणूस तिचं झाड कुठे ठेवलंय हे एकदाही विसरला नाही. खरं तर मी संशोधन या गोष्टीवर करायला हवं होतं, पण ते माझ्या वहीत बसत नव्हतं.

आणि मग, महिना भरत आला असताना, एका सकाळी ते घडलं. काढा झाला. वार चुकला. भाजी चुकली.

"आई कुठे आहे?"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग अगदी सरळ आवाजात म्हणाले, "मेली."

मी टुणकन उडालो. हे लिहायला आज लाज वाटते, पण उडालो. वहीत दहापैकी दहा लिहिले, खाली दोन रेघा ओढल्या आणि तसाच पोस्टात गेलो. तिथे उभ्याउभ्या चिंतामणला पत्र लिहिलं की प्रयोग यशस्वी, तुझ्या प्राध्यापकांना सांग, धानोऱ्याचं नाव निघालं पाहिजे. पोस्टमास्तरलाही सांगितलं. वाटेत दोघाचौघांना सांगितलं. घरी पोचलो तर बाबा ओसरीत बसलेले, ताट समोर, भाताला हात नाही.

"जेवा ना, बाबा."

"तिच्यासाठी थांबत होतो एवढे दिवस," ते म्हणाले. "आता कोनासाठी थांबू?"

मी दुपार होण्याची वाट पाहिली. दुपार झाली, संध्याकाळ झाली. ते विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. रडणं थांबलं, इतपत माझा हिशेब बरोबर निघाला. रडणं थांबलं, लोटा थांबला, आणि जेवणही चार घासांवर आलं. सुशीलाने नेहमीप्रमाणे सिरोंच्याचं सांगून पाहिलं, तर तिच्याकडे बघून म्हणाले, "काऊन खोटं बोलतं, पोरी?"

ती रात्रीची भांडी तशीच टाकून माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"झाला पास तुमचा पेशंट?"

"अगं, पण हा काढ्याचा गुण..."

"कायचा काढा? झाड मरून बारा दिवस झाले. मी तुळशीचे पानं उकळून देत होती. तुमाले वाईट वाटू नये म्हणून."

मी गोठ्यावर चढून पाहिलं. डब्यात काळी काडी होती.

"मग त्यांना आठवलं कसं?"

"तुमीच घोकून घेतलं ना रोज. दोन-दोन दा. पोरायकडून पाढे घेता तसं."

एवढं बोलून ती जी गप्प झाली ती अकरा दिवस. त्या गप्पपणात चिंतामणचं उत्तर आलं. लिहिलं होतं, 'प्रयोग कसला? मी तुला एवढंच लिहिलं होतं की रोप तुमच्या हवेत जगतं का ते कळव, पाला तोडू नकोस आणि औषध म्हणून कोणालाही देऊ नकोस. जगलं का?' मी जुनं पत्र काढून त्या चार ओळी वाचल्या. होत्या, तशाच होत्या. आम्हीच हात दाखवून अवलक्षण करून घेतलं होतं.

वही मी चुलीत घातली. प्रश्न विचारणं बंद केलं. वाटलं, उजळणी नसली की पोरं विसरतात, तसे बाबाही विसरतील. सुट्टीनंतर माझा अख्खा वर्ग विसरून येतो, मग एका म्हाताऱ्याला किती वेळ लागणार?

बाराव्या दिवशी सकाळी बाबा स्वतःच माझ्यासमोर येऊन बसले. मी मधू आहे हे तोवर त्यांच्या डोक्यातून गेलं होतं. मांडी घालून, हात गुडघ्यावर ठेवून म्हणाले,

"मास्तर, आज प्रश्न नाई का?"

"परीक्षा संपली, बाबा."

"तिसरा मले येते." आणि मी नको म्हणायच्या आत त्यांनी म्हणून दाखवलं. "मधूची माय मेली. मधूची माय मेली." दोनदा. मग माझ्या तोंडाकडे बघत थांबले. "बराबर हाय?"

दारात सुशीला उभी होती. मी आयुष्यात पहिल्यांदा विद्यार्थ्याच्या बरोबर उत्तराला चूक म्हटलं.

"चुकलं, बाबा. ती सिरोंच्याले गेली, भावाकडे. धान झालं का येते."

त्यांनी पुष्कळ विचार केला. मग माझी कीव आल्यासारखी मान हलवली.

"नाई, मास्तर. तुमीच तर शिकवलं."

सुशीला पदर तोंडाला लावून आत गेली, आणि आतूनच तिने मला जेवायला हाक मारली. त्या दिवशी मीही चारच घास खाल्ले.

बाबा पुढे दीड वर्ष होते. रोज सकाळी मी त्यांना सिरोंचा सांगायचो आणि रोज ते माझी चूक दुरुस्त करायचे. मास्तरकीत माझी पुढे सगळी हयात गेली. पोरं पाढे विसरली, लोहचुंबक विसरली, मला तर बाजारात ओळखही देत नाहीत. एकाच विद्यार्थ्याला नापास करायला मी जीव तोडून झटलो, आणि तोच पठ्ठ्या शेवटपर्यंत पहिला आला.