कौलावरचा दात

भाताची झोडणी उरकली होती. वडिवळे गावातल्या आमच्या घरी गोठ्यापुढच्या ओल्या शेणसड्यावरून मी सटकले आणि तोंड थेट पायरीवर आपटलं. पुढचा दात मुळासकट हातात! तळेगावच्या शाळेत पोरांना दरडावणारी, पन्नाशी उलटलेली बाई मी. भोकाड पसरून रडले.

आई बाहेर आली. तिचं विसरणं एवढं वाढलं होतं की लेक म्हणून मला ती कधीची ओळखतच नव्हती. त्या दिवशी मात्र माझं तोंड पाहिलं आणि खुलली. "अगं बया, दात पडला व्हय? रडू नगं, माझे बाय." तिनं दात घेतला, शेणाच्या गोळ्यात घातला आणि दुधाचा दात टाकतात तसा गोठ्याच्या कौलांवर भिरकावला. "आता नवा येतोय बग." खरं सांगते, मी दुखणंच विसरले.

लोणावळ्याच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दात कुठंय?"

"कौलावर."

त्या पोट धरून हसल्या. "मग उतरवा की! खोटा दात बसवायला शेजारचे धडधाकट दात कशाला घासायचे? तुमच्याच दाताचं मूळ कापू आणि मागून बारीक पट्टीनं शेजारच्या दातांना चिकटवू. आधी जखम भरू दे."

वाळलेला गोळा शिडी लावून मीच काढला. बघायला आख्खी आळी जमली, मेली!

मग रजा टाकून घरीच राहिले. ते दिवस झोपेत गेल्यासारखे गेले. सकाळी गावाजवळच्या धरणावरून धुकं यायचं, अंगण दिसेनासं व्हायचं, आणि आई माझ्या पिकल्या केसांची वेणी घालत बसायची. "आ कर," म्हणायची. हिरडीवरून बोट फिरवायची. "येतोय, येतोय." मी मुकाट्यानं सात वर्षांची होऊन बसायचे. दात बसवायचं अगदी जिवावर आलं होतं. या फटीमुळंच तर तिला मी दिसत होते. पण शाळेत किती दिवस फुसफुसत शिकवणार? पोरं एकेक बिलंदर!

शेवटी गेले. माझाच दात माझ्या तोंडात परत बसला, कुणाला सांगूनही पटलं नसतं. घरी येऊन आईसमोर तोंड भरून हसले.

ती मागं सरली. पदर सावरला. "कोन पायजे बाई तुमाला?"

तिनंच मला खाटेवर बसवलं आणि हळूच म्हणाली, "माजी पोर येईल इतक्यात शाळंतनं. पुडचा दात पडलाय तिचा. तिला हसू नगा हां."