सहावं घर

शिवलिंग, वय बत्तीस, तेलगावच्या रस्त्याला पंप-मोटारीच्या सामानाचं दुकान, माझा सख्खा मावसभाऊ. यंदाच्या दसऱ्याला, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी, स्वतःच्या दारात, स्वतःच्या आईच्या पायाशी तो गेला. अन्याय त्याच्यावर झाला आणि त्याच्या आईवर झाला. कागदावर अपघाती मृत्यू लिहिलंय. लिहू द्या. मी अपघात म्हणणार नाही.

मी तेव्हा उमापूरला मित्राच्या घरी सोनं द्यायला गेलो होतो. धाकट्या भावाचा फोन आला, "शिवादादाला गोळी लागली." माझ्या तोंडून निघालं, "कुणी मारली?" तो म्हणाला, "कुणीच न्हाई रे. मावशीच्या पाया पडायला वाकला, अन् कमरेचं निसटून फरशीवर पडलं." मोटारसायकल काढली. सगळ्या रस्त्यानं डोक्यात एकच चाललेलं... पडलं तर उडेल कसं? त्याचं सहावं घर तर रिकामं असतं!

हे घराचं प्रकरण नीट सांगतो. ते रिव्हॉल्वर त्याच्या आजोबांचं, अप्पांचं. निजामाच्या काळातलं, पंचेचाळीस बोअरचं. आजकाल लग्नांत कमरेला लावून मिरवतात ती बत्तीसची, त्याच्यापुढं खेळणी. अप्पा कापूस विकून माजलगावहून बैलगाडीनं एकटे यायचे म्हणून त्यांना परवाना मिळाला, आणि वारसानं तो शिवादादाकडं आला. चाकात गोळ्यांची सहा घरं. अप्पा पाचच भरायचे. गोळीवर आदळणारा मागचा खटका, त्याला घोडा म्हणतात, त्याच्याखाली येणारं घर कायम रिकामं. जुनं हत्यार हातातून पडून घोड्यावर आपटलं तर आपोआप उडतं. खाली गोळीच नसली तर नुसतं टक्‌ वाजतं. शिवादादानंही तेच पाळलं, बरीच वर्षं पाळलं.

दोन हिवाळ्यांपूर्वी माजलगाव धरणाच्या कडेला आम्ही हुरडा खायला जमलो होतो. त्यानं बांधावर नारळ ठेवला आणि प्रत्येकाला एकेक गोळी दिली. "दोन्ही हातानं धर. मनगट ढिलं सोडलंस तर नाकावर येईल, मग लगीन व्हायचं न्हाई तुझं." मी चाप ओढला. तळहातावर कुणीतरी फळी हाणल्यासारखं झालं, पाण्यावरून आवाज परत आला, बगळे उठले. नारळ जागच्या जागी. तरी मी येड्यासारखा हसत होतो. संध्याकाळपर्यंत हात झिणझिणत होता आणि मी तो सारखा उघडून बघत होतो. मला ते लई आवडलं. पुढं मी याच्याच विरुद्ध पत्रकं काढली, त्यांत हे वाक्य नाही, म्हणून इथं लिहितोय. बोट जरासं हलवायचं आणि सगळ्या शिवारानं आपल्याकडं मान वळवायची... ज्याला तहसिलात कुणी बस म्हणत नाही, त्याला हे काय वाटत असेल ते मला त्या दिवशी समजलं.

त्याच दुपारी तो पुन्हा भरायला बसला. पाच भरल्या आणि चाक बंद केलं. मी म्हणालो, "सहा घरं अन् पाचच भाडेकरू? सहाव्यात कोण राहतंय दादा, अप्पा का?" सगळे लोळून हसले. कुणीतरी लगेच बारसं केलं, पाचगोळे. पुढं वरातीत, पारावर, चहाच्या टपरीवर तेच. "काय बे पाचगोळे, एक घरी विसरला का?" तोही हसायचा. तोंडानं हसायचा...

मी नंतर तालुकाभर फिरून वरातीतल्या गोळीबाराविरुद्ध पत्रकं वाटली. पहिलं पत्रक त्याच्याच दुकानात नेलं. त्यानं चष्मा लावून वाचलं. "येड्या, पिस्तूल लिवलंस. आपल्याकडं रिव्हॉल्वर हाय. आधी माल वळखायला शिक, मग बंदी घाल." आणि तेच पत्रक काउंटरच्या काचेखाली सरकवलं. मी चिडून विचारलं, "तुला कावून लागतं हे? कोण मारायला टपलंय तुला?" तो बॉलबेअरिंग पुसत होता. "कुणी न्हाई. दुकानात बसलो की पोरंठोरं 'ए शिव्या' म्हणून हाक मारतात. हे लावून बाहेर पडलो की शिवाशेठ. किलोभर लोखंड कमरेला असलं की माणूस ताठ चालतो, बघ तू." मी तेव्हा भाषण ठोकलं. पाचगोळे म्हणायचं मात्र बंद केलं नाही.

दसऱ्याला सकाळी मावशीनं पाटावर त्या रिव्हॉल्वरला हळदकुंकू वाहिलं, झेंडू वाहिला. संध्याकाळी ते कमरेला खोचून तो गावभर सोनं वाटून आला. म्हणजे दहा-वीस ठिकाणी तसाच वाकला. कुणीही म्हणालं नाही, बाबा, आधी ते ठेवून ये. सगळ्यांनी पाय पुढं केले आणि आशीर्वाद दिला, आयुष्मान हो.

माती देताना माझ्या शेजारी एकजण हळूच म्हणाला, "पंचेचाळीसचं व्हतं म्हणून. बत्तीसचं असतं तर वाचलाही असता." आवाजात दुःख होतं, आणि खोटं कशाला बोलू, कौतुकही होतं. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर पोरांनी त्याचा कमरेला रिव्हॉल्वर लावलेलाच फोटो टाकला. तिसऱ्या दिवशी त्याच्या एका चुलत्यानं मला बाजूला घेतलं, "तू अर्ज चांगला लिवतोस. परवाना माझ्या नावावर करायचा हाय." मी लिहिला नाही. फ्लेक्स मात्र मीच उतरवला, दिवसाढवळ्या. या, भांडा.

मग पंचनामा वाचला. पाच जिवंत, एक उडालेली. पाच अधिक एक, मी बोटांवर मोजलं, दोनदा. कधी भरली त्यानं सहावी? कुणाच्या हसण्यानंतर? माहीत नाही, पण पहिलं हसू कुणाचं ते मला माहीत आहे.

हे छापायला देण्याआधी मी मावशीकडं गेलो. पाचगोळे नाव, धरणावरची ती दुपार, सगळं सांगितलं. ती उंबऱ्याजवळ जिथं बसायची तिथंच बसली होती. निघताना मी वाकलो, तर तिनं दोन्ही पाय झटक्यात लुगड्याखाली ओढून घेतले. आता ती सगळ्यांनाच तसं करते, जावयालाही, शेजारच्या पोरींनाही. मला म्हणाली, "थांब. आधी कंबर दाखव."

मी शर्ट वर केला. चहूबाजूंनी फिरून दाखवलं. मग तिनं पाय पुढं केले.

तुमच्या दारात लग्नसराई येतेय. कमरेला फुगवटा घेऊन कुणी तुमच्यापुढं वाकेल. तो तुमचा पुतण्या असेल, जावई असेल, नवरदेव असेल. तेव्हा पाय मागं घ्या. सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं म्हणा, आधी कंबर दाखव.