अकराव्या मजल्यावरचे साडू

जमिनीपासून दीड फुटावर जे विश्व सुरू होतं, त्या सगळ्याशी उभं वैर धरलेला माणूस सोलापुरात एकच असावा, आणि माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीशी लग्न करून तो नेमका माझा साडू झाला. त्यांचं चादरींचं दुकान आहे. खपणारा माल सगळा कमरेखाली. वरच्या फळीवरची चादर कुणी मागितली, की हे गंभीर चेहऱ्यानं सांगणार, "ती नका घेऊ, रंग जातो." स्वतःच्याच मालाची बदनामी करून त्यांनी आयुष्यभर स्टुलावर चढणं टाळलं. लग्नाचं कार्यालय दुसऱ्या मजल्यावर असलं, की आहेर घेऊन बायको वर जाते आणि हे खाली आचाऱ्यांत बसून जेवून घेतात. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत सगळं गाव मान वर करून उंच नंदीध्वजांच्या काठ्यांची टोकं पाहतं. साडू बुंध्याला नमस्कार करून मोकळे. वर पाहिलं तरी त्यांना गरगरतं.

अशा माणसाच्या मुलीनं न्यूझीलंडला जाऊन अकराव्या मजल्यावर घर घेतलं. माझा मुलगाही त्याच शहरात, त्यामुळे आम्ही दोन्ही जोडपी सहा महिने तिकडे राहायला गेलो. विमानात साडू मधल्या वाटेशेजारी डोळ्यांवर टॉवेल टाकून बसले. उतरल्यावर म्हणाले, "यष्टी समजून बसलो, काय वाटलं न्हाय." पण अकराव्या मजल्याला टॉवेल पुरेना. ते दिवाणखान्यात गॅलरीकडे पाठ करून बसत आणि चार वर्षांची नात गॅलरीतून हाका मारी, "अज्जा, ये की, ट्रेन आली." अज्जा जागेवरूनच "व्हय, व्हय" करी. एके दिवशी तिनं आईला शांतपणे सांगितलं, "अज्जाला मी नाही आवडत. बोलावलं तर येत नाही."

त्याच संध्याकाळी साडू माझ्याकडे उपाय विचारायला आले. आता मी गप्प बसायला हवं होतं. पण मोबाइलवर चार मिनिटांचा व्हिडिओ पाहून मी त्या आठवड्यात मानसशास्त्रज्ञ झालो होतो. भीती थोडी थोडी जात नाही, असं मी ठणकावून सांगितलं. एकदाच मोठ्या उंचीवरून उडी मारायची, की गॅलरी म्हणजे ओटा वाटते. साडूंनी खूप विचार केला आणि विचारलं, "दोरी बांधत्यात न्हवं?"

तर दरीवरचा पूल, खाली नदी, पायांना दोर बांधलेले साडू, आणि सुरक्षित अंतरावर मी. दोर बांधणाऱ्या मुलीनं त्यांच्या गळ्याकडे बोट दाखवलं. हे काढा. आम्हा लिंगायतांत लहानपणीच गळ्यात लिंग बांधतात, ते अंगावेगळं करायचं नसतं. माझं सोयीनं देव्हाऱ्यात बसलेलं. साडूंचं साठ वर्षांत हललेलं नाही. "उडी ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "हे न्हाय निघायचं. सांगा की हिला, साडू." धर्म समजावण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं, म्हणून मी जवळचा रस्ता धरला. ही औषधोपचाराची वस्तू आहे म्हटलं, हृदयासाठी. काढली तर माणूस जाईल. मुलगी पांढरी पडली. दोन मिनिटांत दोर सुटले, फॉर्मवर काट मारली गेली आणि चाकांची खुर्ची आली.

"काय सांगितलंत हिला?"

"थोडक्यात सांगितलं."

"मग खुर्ची कुणाला आणली?"

साडूंनी मला बाजूला सारलं, फडक्यातलं लिंग तळहातावर घेतलं, डोळे मिटून कपाळाला लावलं. इंग्रजीचा एक शब्द नाही. मुलगी पाहत राहिली. मग तिनं सदऱ्याच्या आतून हिरवा कोरलेला दगड काढून दाखवला. तिच्या आजीनं दिलेला. उडी मारताना ती त्यावर चिकटपट्टी लावते. तशीच पट्टी तिनं साडूंच्या छातीवर आडवी-उभी लावली, माझ्याकडून खरं वदवून घेतलं आणि नवा फॉर्म आणला. "तुमी न्हाय येत?" साडूंनी विचारलं. मला त्याच क्षणी मणक्याचं जुनं दुखणं आठवलं. ते कठड्याशी गेले, "हर्र बोला हर्र" पुटपुटले आणि खरोखरच खाली गेले.

घरी सगळे गॅलरीच्या दाराशी जमले. साडूंनी नातीला कडेवर घेतलं, उंबऱ्यापर्यंत आले आणि थांबले. मी हळूच म्हटलं, "अहो, पुलावरून उडी मारलीत ना?"

"तवा मी एकटा हुतो, साडू. आता ही हातात हाय."

माझ्या व्हिडिओत हे नव्हतं. ते खाली बसले आणि नातीला मांडीत धरून, बसल्या बसल्या, वीतभर वीतभर सरकत कठड्यापाशी पोचले. दोन्ही मुठींत तिचा फ्रॉक, डोळे घट्ट मिटलेले. ती समोर बघत सांगत होती, निळी आली अज्जा, आता पिवळी, आता लांबची. "व्हय, दिसली की," अज्जा म्हणत होता. रोज संध्याकाळी, परत यायच्या दिवसापर्यंत.

आता सोलापुरात दुकानात लोक त्यांना उडीबद्दल विचारतात. त्यावर ते फारसं बोलत नाहीत. त्या गॅलरीतून दिसणाऱ्या गाड्या मात्र क्रमानं सांगतात, कुठली निळी, कुठली पिवळी, कुठली बोगद्यातून येते. गिऱ्हाईक मान डोलावतं. मी बाजूला बसून ऐकतो. त्यातली एकही गाडी त्यांनी पाहिलेली नाही, पण चूक अजून एकदाही झालेली नाही.