राहिलं म्हणजे काय राहिलं

माझं शिक्षण सातवीत राहिलं, माहेर कोल्हापूरकडे राहिलं. त्यामुळे 'राहिलं' हा शब्द माझ्या कानाला कधी गोड लागला नाही. नागपुरात मात्र सगळेच राहतात: जेवून राहिले, येऊन राहिले, हसून राहिले. म्हणजे काम चालू आहे. धरमपेठेत वर्षानुवर्षं लोकांच्या पोळ्या लाटता लाटता मला हे पाठ झालं होतं. पण माणूस घाबरला की कान माहेरी पळतात.

माझ्या किडन्या गेल्या आणि रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात डायलिसिस सुरू झालं. शेजारच्या पलंगावर गांधीबागेतले एक कापडवाले शेठ असायचे. वयानं मोठे, तोंडानं त्याहून मोठे. मशीनला जोडलेले असतानाही मला साड्यांचे भाव सांगायचे आणि माझी बोली ऐकून मला 'कोल्हापूर' म्हणायचे. दोघांचा रक्तगट एकच. घरातल्या कुणाची किडनी चालत नव्हती, म्हणून नावं यादीत. माझं आधी, त्यांचं नंतर.

एका सकाळी दोघांनाही फोन आला. कुठल्याशा घरानं आपलं गेलेलं माणूस आम्हाला द्यायचं ठरवलं होतं. आमच्या दवाखान्याच्या वाट्याला त्यातली एकच किडनी. पहिली मी, माझं काही बिनसलं तर शेठ. उपाशीपोटी या, पाण्याचा घोटही घेऊ नका, असं बजावलेलं.

रक्त जुळतं का ते बघायला दिलं आणि आम्ही बाकावर बसलो. माझ्या जिवाला चैन पडेना. शेठच्या दुकानावर कितीतरी घरं जगतात. मी नसले तर लोक फार तर ब्रेड खातील. अवयवांचं काम बघणाऱ्या मॅडमना मी हळूच म्हटलं, शेठना आधी देता येईल का. त्या म्हणाल्या, ही बसमधली सीट नाही ताई, उठून द्यायला. शेठनी ते ऐकलं.

"माह्या बायकोले विचारा पहिले," ते म्हणाले, "तिले मी पाहिजे का."

थोड्या वेळानं मॅडमनी दार अर्धं उघडलं, "ताई, तुमचं होऊन राहिलं," म्हणाल्या आणि पुन्हा आत गेल्या. माझ्या कानात शिरलं ते शेवटचं तेवढं. राहिलं. म्हणजे हुकलं.

खोटं कशाला बोलू, आधी हलकंच वाटलं. मग म्हटलं, आता उपाशी कशाला बसायचं. आमचे हे वर सह्या करत होते. मी पिशवी उचलली आणि फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा सांगितला. कप हातात आला, वाफा निघत होत्या, मी फुंकर घालत बसले.

"ठेवा वं बाई तो कप." मागे शेठ, धापा टाकत. "प्याल्या का?"

"नाही अजून."

"अरेरे," असं म्हणून त्यांनी कप काढून घेतला. "होऊन राहिलं म्हणजे जुळून राहिलं तुमचं. अंदर सारे तुम्हाले शोधून राहिले, अन् तुम्ही इथं चहा फुंकून राहिल्या."

परत जाताना मी विचारलं, प्यायले असते तर? पोटात काही गेलं की भूल लांबते आणि किडनी काही आपल्यासाठी थांबत नाही. पुढचा नंबर त्यांचाच होता. हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"पायऱ्या हळूहळूच उतरलो मी," शेठ म्हणाले. "म्हटलं, देवाले काही करायचं असन त करू द्या. पण हा टपरीवाला चहा इतका गरम देते, का माणसाले पापही करू देत नाही."

ज्या घरानं किडनी दिली त्या घरी त्या दिवशी चूल पेटली नसेल. ते घर मला माहीत नाही, कळणारही नाही. देवापुढे हात जोडते तेव्हा त्या घरासाठी आधी जोडते, देवाचा नंबर त्यानंतर.

शेठ अजून मशीनवरच आहेत. तोंडाला मास्क लावून मी त्यांना बिनमिठाच्या दोन पोळ्या नेऊन देते. ते पोळीला नावं ठेवत खातात. निघताना मी विचारते, शेठ, नंबर?

"येऊन राहिला," ते म्हणतात.

मी ते नागपुरीतच ऐकायचं ठरवलंय.