आधी घड्याळ लागू द्या की

त्या सकाळी मी बिराजदार सरांना फोन केला, तो शाळेतला संगणक अडला म्हणून. फोन उचलला गेला आणि मी नमस्कारही न करता म्हटले, "सर, तो पुन्हा त्याच ओळीवर थांबलाय." पलीकडून त्यांचा धाकटा भाऊ बोलला, "बाई, दादा पहाटे गेला. झोपेतच. दुपारी तीनला माती हाय, मंद्रूपला." फोन ठेवल्यावर मी त्या काळ्या पडद्याकडे पाहत राहिले. तिथे सेकंद वाढत होते.

सिद्राम बिराजदार आमच्या सोलापूरच्या शाळेत संगणक शिकवत, मी गणित. हजेरी, दहावीचे अंतर्गत गुण, सारे त्यांनीच उभ्या केलेल्या त्या एका यंत्रात असे. संगणक सुरू होताना आत काय घडते, हे मला त्यांनीच समजावले. बटण दाबल्यावर आधी यंत्रणेचा गाभा जागा होतो. तो एका व्यवस्थापकाला उठवतो, आणि हा व्यवस्थापक बाकीच्या सेवांना कामाला लावतो. प्रत्येक सेवेची एक छोटी फाइल असते. तिच्यात दोन वेगळ्या गोष्टी लिहाव्या लागतात: ही सेवा कोणाच्या नंतर सुरू व्हावी, आणि कोणावाचून मुळीच सुरू होऊ नये. "परिपाठासारखं बघा की, बाई," ते म्हणत. "पेटी आल्यावर प्रार्थना, हा झाला क्रम. पण पेटीवाल्या बाई रजेवर असल्या, तरी प्रार्थना होतेच. आता प्रश्नपत्रिका आल्याशिवाय परीक्षा होते का? ही झाली अट." इतकी वर्षे गणित शिकवूनही क्रम आणि अट यांतला फरक मी एवढा स्वच्छ कधी मांडला नव्हता.

आणि त्यांची स्वतःची चूक नेमकी इथेच झाली होती. त्या यंत्राचे आतले घड्याळ सदोष होते; वीज गेली की ते काही वर्षे मागे जाई आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळाल्यावरच सावरे. गुणांच्या फाइलीत सरांनी 'घड्याळानंतर' एवढेच लिहिले. 'घड्याळावाचून नाही' हे लिहायचे राहिले. एकदा इंटरनेट बंद असताना घड्याळ लागले नाही, तरी गुणांची सेवा सुरू झाली. आम्ही भरलेल्या घटक चाचणीच्या गुणांवर जुनी तारीख पडली, आणि पुढे खरी वेळ लागताच जुन्या नोंदी काढून टाकणाऱ्या सेवेने ते सारे गुण पुसले. मुख्याध्यापकांनी विचारण्याआधीच सर म्हणाले, "चूक माझी हाय." मग एकेका शिक्षकाजवळ बसून त्यांनी वह्यांवरून सगळे गुण स्वतः पुन्हा भरले. त्यानंतर अट लिहिली, वाट पाहण्याला कालमर्यादा ठेवली नाही, आणि घड्याळासाठी थांबणाऱ्या सेवेला नाव म्हणून रोमन अक्षरांत एक वाक्य दिले: 'आधी घड्याळ लागू द्या की.'

माझ्यासमोर होती ती हीच ओळ. पुढे वाढते सेकंद आणि मर्यादा नसल्याची इंग्रजी सूचना. रस्ता खोदताना केबल तुटली होती. इंटरनेट कधी येईल, कोणालाच सांगता येत नव्हते. दहावीचे गुण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मंडळाकडे पोहोचायला हवे होते. आमचे कारकून क्षीरसागर म्हणाले, "बाई, बटण दाबून परत चालू करा, नाहीतर ती अटच काढून टाका. सर तर गेले... पोरांच्या गुणांचं काय?"

माझा हात बटणाकडे गेलाही. मग ते पुसले गेलेले रिकामे रकाने आठवले. हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली: वाट यंत्र पाहत होते, त्यासाठी समोर कोणी बसण्याची गरज नव्हती. घड्याळ लागले की पुढचे सारे ते आपण होऊन करणार होते. सरांनी ते लिहूनच ठेवले होते. मी खोलीला कुलूप लावले.

"धाडस करताय, बाई."

"मी काहीच करत नाहीये, भाऊसाहेब. तेच अवघड आहे."

मंद्रूपच्या एसटीत मात्र जीव टांगणीला लागला होता. पुन्हा वीज गेली तर? अट मला नीट समजलीच नसेल तर? सरांवर बेलाची पाने वाहतानाही डाव्या मुठीत ती किल्ली होती... सांगायला संकोच वाटतो, पण खरे तेच आहे.

संध्याकाळी परत येऊन कुलूप उघडले. त्या ओळीपुढे हिरवी खूण होती. तिच्याखाली गुणांची सेवा सुरू झाल्याची नोंद. मी घाईघाईने यादी उघडली; सारे गुण जागेवर होते. वर कोपऱ्यात तारीख होती, अगदी बरोबर. सर गेले त्या दिवसाची.

आता शाळेत नवे यंत्र येईल म्हणतात. तोवर पहिल्या तासाआधी हे यंत्र मीच सुरू करते. सरांची खुर्ची उजवीकडे जराशी कलते, तिच्यात बसते. ती ओळ येते, सेकंद वाढू लागतात. मी दोन्ही हात मांडीवर ठेवते. बटणाला हात लावत नाही.