विहीण पाणी घेईना

अक्काला खाटेवरून खाली घेऊ द्यायचं नाही, हे मी त्या दिवशी सकाळीच ठरवलं होतं.

पौषाची थंडी होती. अक्का म्हणजे माझी सासू, धुरपदाबाई. तिचा श्वास लागलेला. वरणगावहून डॉक्टर आले, तपासलं, न् बाहेर जाऊन आमच्या ह्यांच्या खांद्यावर नुसता हात ठेवला. त्यावरून घराला कळलं. भाऊबंद जमले. आमच्याकडे माणूस जायला लागला की त्याला सारवलेल्या जमिनीवर निजवतात. खाटेवर जीव गेला तर अडकतो म्हणतात. रतिलाल नाना, माझे चुलत सासरे, त्यांनी तर जागा सारवून पण घेतली. चार जण खाटेला हात लावायला आले न् अक्कानं डोळे उघडले.

"काय करता रे?"

"भाभी, जरा खाली घेतो तुम्हाले," नाना म्हणे.

"काबर?"

नाना म्हणे, "बरं वाटीन."

"ओली जमीन हाये. गार लागते मले. तुम्ही निजा."

दारातल्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या. जीव जाऊ राहिला न् बाई भांडू राहिली.

दुपारी तिची वाचा गेली. नाना म्हणे, आता घ्या. मी खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली. म्हटलं, त्यांनी नाही म्हटलेलं आहे. नाना म्हणे, "सूनबाई, त्यांले आता काही समजत नाही." मी म्हटलं, "आपल्याला समजतं ना नाना." आमच्या ह्यांनी आतून आणखी एक गोधडी आणून दिली. दोन गोधड्या अंगावर, पाय माझ्या मांडीवर, अशी ती खाटेवर गेली.

बसायला आलेले लोक आता दोन गोष्टी बोलतात. एक, बाई खाटेवर गेली, सुनेनं जीव अडकवला. दुसरी, बिचारी गाय होती. पहिली बोला, माझी हरकत नाही. दुसरी बोलू नका. गाय नव्हती ती. गाय असती तर मी आज नसती.

माझं माहेर सोनगीरच्या पलीकडं, धुळे जिल्ह्यात. तिकडची बोली अहिराणी. सासर हे वरणगावजवळ, भुसावळच्या बाजूला. शहाऐंशी साली मला पहिले दिवस गेले होते. सातव्यात आबा येऊन मला माहेरी घेऊन गेले. पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यात सासरनं तोंड घालायचं नसतं. सासूनं बारशाला यायचं, ते पण बोलावणं आलं तर.

वैशाखात, नववा लागल्यावर, आमचे हे मला भेटायला आले. माझे पाय सुजलेले. घरी गेले न् आईला हसत सांगितलं, "सुनंदाच्या पायात आता माह्या चपला येतात." अक्का पीठ मळत होती. ती हसली नाही. एवढंच विचारलं, "तोंड सुजलं का तिचं?" हे म्हणे, "हो, गोरी दिसते."

दुसऱ्या दिवशी अक्का भुसावळहून सकाळच्या पॅसेंजरला बसली. कोणाला विचारलं नाही. नरडाण्याला उतरली, तिथून यष्टीनं सोनगीर, न् तिथून आमच्या गावापर्यंत उन्हात पायी. हातात एक पिशवी.

मी आत पडलेली होती. आईचा आवाज ऐकला, "अय माय, इहीनबाई." न बोलावता विहीण दारात, आई पार गडबडली. तांब्या भरून आणला.

"इहीनबाई, पानी ल्या."

अक्का ओट्यावर बसली होती. तिनं तांब्याला हात लावला नाही. "पहिले सुनंदाले बोलवा."

मी बाहेर आली. तिनं मला समोर बसवलं, माझ्या नडगीवर अंगठा दाबला न् काढला. खड्डा पडला, तो भरून येईना. ती त्या खड्ड्याकडे बघत राहिली.

"डोकं दुखते?"

"दुखतं."

"डोळ्यापुढे चमकते?"

"कधी कधी."

ती आईला म्हणे, "गाडी बोलवा. हिले धुळ्याले दवाखान्यात न्यायचं."

तेवढ्यात आबा शेतातून आले. माझे वडील, सुकदेव नाव. गावात त्यांना मान होता न् त्यांना तो माहीत होता. ते म्हणे, "कसाले दवाखाना? बठ्ठासना बाळंतपण याच घरमा व्हयनात. इंदिरामाय शे, तिना हातखाले तर ही सुनंदा जनमनी." इंदिरामाय म्हणजे आमची सुईण, घरातल्या बठ्ठ्यांची, म्हणजे सगळ्यांची बाळंतपणं तिनंच केलेली.

"इंदिरामायले मी वाईट म्हणत नाही."

"मंग? पयली खेप, न् माहेरवाशीनले दवाखानामा टाकानी? गाव काय म्हनी? बापले जड व्हयनी म्हनी."

खरी अडचण ही होती. आबा माझ्या जिवावर उठलेले नव्हते. दवाखान्यात पोट फाडतात, पुरुष डॉक्टर असतात, हे तर सगळेच बोलत. पण पहिलटकरणीला माहेरच्यांनी दवाखान्यात नेलं म्हणजे त्यांच्याच्यानं चार दिवस सांभाळणं झालं नाही, असा त्याचा अर्थ निघायचा.

अक्का म्हणे, "तुमचं गाव तुम्ही सांभाळा. पोरगी मले सांभाळू द्या."

"पोर आते आमनी शे, बारसं होयपावत."

"बारशापर्यंत राहिली पायजे ना."

आबांचं तोंड उतरलं. आई पुन्हा तांब्या घेऊन आली. अक्का म्हणे, "गाडी येईपर्यंत मी या घरचं पाणी घेणार नाही." न् पाय वर घेऊन बसली.

ज्यानं खान्देश पाहिला नाही त्याला याचं काही वाटणार नाही. पाण्याचं काय एवढं. पण विहीण दारात येते न् पाणी घेत नाही, हे कळलं तर आमच्या गावात लोक जेवण सोडून बघायला येतात. आले पण. समोरच्या ओट्यावर बायांची रांग लागली.

"मानपानमा काय राह्यनं वं?"

"लुगडं हलकं निंघनं व्हई."

"नाकवाली दिखस इहीन."

आबांना ते ऐकू येत होतं. ते आईला म्हणे, पेटीतलं नवं लुगडं काढ. त्यांना खरंच वाटलं, मानात काही राहिलं असेल. आईनं लुगडं न् खण आणून अक्कापुढं ठेवलं.

अक्का म्हणे, "लुगडं चांगलं हाये. पेटीत ठेवा. गाडी आणा."

मग तिनं स्वतःची पिशवी उघडली. धुतलेल्या जुन्या लुगड्यांचे मऊ मऊ तुकडे, बाळोते. हे तर आईला फारच लागलं. बाळोते माहेरच्यांनी करायचे असतात. आई म्हणे, "आम्हना घरमा जुना लुगडा नईत का?" अक्का म्हणे, "तुमचे पण घ्या. दवाखान्यात लय लागतात."

ऊन ओट्यावर आलं. अक्का सरकली नाही. ओठ वाळले होते तिचे. शेजारची म्हातारी ताक घेऊन आली, म्हणे, हे तर मन्हं शे, इवाईना घरनं नई. अक्का म्हणे, "बाई, तू चांगली हाय. पण सोडलं ते मी सगळ्या गावचं सोडलं." म्हातारी हसत हसत परत गेली न् आबांना सांगून गेली, "सुकदेव, ही उठाव नई."

आबांनी शेवटी आवाज चढवला. "इहीनबाई, रीत म्हनीसन काही र्‍हास का नई?"

तेव्हा अक्का बोलली. मोठ्यानं नाही. "इवाई, मी रीत केली. माही कुंदा पहिलीले माह्या घरी आली. असेच पाय होते. मी म्हटलं, पहिलटकरीण हाये, सुजतेच. तिच्या सासूनं सांगून पाठवलं, दवाखान्यात दाखवा. मी रागावली. म्हटलं, माह्या घरातल्या गोष्टीत ही कोण बोलणारी. कुंदाले झटके आले न् गेली. पोट तसंच होतं. रीत माही बरोबर होती."

मला एक नणंद होती न् ती गेली, एवढंच माहीत होतं. घरात तिचं कोणी नाव काढत नसे.

आई उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली. बाहेर आली तर पायात चपला, काखेत गाठोडं, हातात तोच भरलेला तांब्या. आबांना म्हणे, "कादरभाईले बलावा. नई तं आजपासून मी बी या घरनं पानी लेत नई."

आबांनी दोघींकडं पाहिलं. डोक्यावरची टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली न् स्वतः गेले.

कादरभाई सोनगीरचा. त्याच्या टेम्पोत तांब्यापितळेची भांडी धुळ्याला जायची. त्या दिवशी पण अर्धा टेम्पो हंड्यांनी भरलेला होता. तो म्हणे, "उतारने में टैम जायेगा अक्का, ऐसेच बैठो." मला पोत्यांवर निजवलं. हायवेला खड्डा आला की सगळे हंडे वाजायचे न् कादरभाई पुढून ओरडायचा, "माफ करना बेटी." आई देवाचं नाव घेऊ राहिली होती, अक्का एकेक हंडा पायानं दाबून धरू राहिली होती.

धुळ्याला मोठ्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं माझ्या दंडाला पट्टा बांधला, पाहिलं न् लगेच आत घेतलं. बाहेर येऊन विचारलं, "कोणी आणलं हिला?" दोघी विहिणी एकमेकींकडे बोट दाखवायला लागल्या. दोघींना वाटलं बोलणी बसणार. डॉक्टरीण म्हणे, "बरं केलं. बसा."

तेव्हा आईनं तांब्या पुढं केला. टेम्पोत हिंदकळून निम्मं पाणी सांडलेलं. अक्कानं ते सगळं पिऊन घेतलं. आई म्हणे, "आते तरी धरमशाळामा जाईसन जेवा." धरमशाळेत कोणी गेलं नाही, दोघी भाकरीचं एकच फडकं सोडून पायरीवर जेवल्या.

मला लई त्रास झाला. तो मी सांगत नाही, ज्या बाईनं भोगला तिला माहीत आहे. मी ओरडत होती तर आया म्हणे, "हळू, आता काय ओरडते." दाराबाहेरून अक्काचा आवाज आला, "ओरडू दे तिले. तोंड तिचं हाये." आया दार लावून घ्यायला गेली न् हसून परत आली. मला म्हणे, "सासू आहे का आई?" मी म्हटलं, "सासू." म्हणे, "मग ओरड."

चिमटा लावून मुलगी झाली. काळीनिळी, मग रडली. माझा दाब उतरेपर्यंत मला उठू दिलं नाही. आबा दुसऱ्या दिवशी आले, दारात उभे राहून म्हणे, "पोर व्हयनी का." थोडा आवाज पडलेला. अक्का म्हणे, "हो. न् तुमची पण हाये अजून." आबा आत आले, माझ्या डोक्यावर हात ठेवला न् लगेच बाहेर गेले. पुढं खूप वर्षं ते अक्काशी नीट बोलले नाही. बारशाला तिला बोलावणं पण पाठवलं नाही. ती आली.

त्याच्यानंतर अक्काला सवयच लागली. इकडं सासरच्या गावात कोणी पहिलटकरीण आहे कळलं की ही तिच्या घरी. बोलावलं तर जायची, नाही बोलावलं तरी जायची. सासवा तिला बघून दार लोटून घ्यायच्या. "आली दवाखानावाली," असं तिला ऐकू जाईल असं बोलायच्या. ती म्हणे, "आली. दार उघड."

सगळ्याच पोरी वाचल्या असं मी म्हणणार नाही. खालच्या गल्लीतली एक दवाखान्यात गेली न् परत आली नाही. घरच्यांनी अक्काचं नाव घेतलं, हिनं नेली म्हणून मेली. अक्का त्यांच्याकडे बसायला गेली. त्यांनी आत घेतलं नाही. ती बाहेर बसून राहिली, अंधार पडल्यावर घरी आली न् जेवली नाही. आमचे हे म्हणे, "आई, आता बस कर. लोकांच्या पोरी, लोक पाहतीन." ती म्हणे, "लोकांनी पाहिल्या असत्या तर मी गेली असती का?" न् पुढच्या महिन्यात दुसरीला घेऊन गेली. ती जगली.

अक्का गेली तेव्हा खालच्या गल्लीतलं ते घर आलं नाही. न येवो. त्यांचं दुःख मोठं आहे. पण जे आले न् गाय होती म्हणाले, त्यांच्यापेक्षा ते मला बरे वाटले.

दहाव्याच्या अगोदरची गोष्ट. घरात सुतक. सकाळी गावातल्या झुलालची बायको बेबाबाई आमच्या दारात आली. आत आली नाही, रस्त्यावरूनच बोलली. तिची सून पहिलटकरीण, तिला माहेरी आई नाही म्हणून इथंच ठेवलेली. कळा सुरू झाल्या होत्या. रिक्षा कोपऱ्यावर उभी होती. बेबाबाई म्हणे, "अक्का असत्या तं..."

मी उठली. नाना ओसरीवर बसले होते. म्हणे, "सूनबाई, सुतक हाये. बाळंतिणीले सुतकाचा हात लागू नये, तुले माहीत नाही का?"

"माहीत आहे नाना."

"मंग?"

मी चपला घातल्या. बेबाबाईकडं पाहिलं, म्हटलं, "तुला चालतं का?" ती घाबरली होती. नानांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. म्हणे, "चल."

रिक्षात ती पोरगी मागं वाकडी होऊन बसली होती. माझं सुतकातलं कोरं कपाळ न् न विंचरलेले केस बघून तिला समजलं मी कोणत्या घरून आली. ती थोडी आत सरकली. मी शेजारी बसली न् हात पुढं केला नाही. गावाबाहेर रस्ता खराब आहे, तिथं तिला जोराची कळ आली, न् तिनंच माझं मनगट पकडलं.