गाईची न्हाई, तुझी

अंगात आलेल्या बाईला आधी चहा विचारावा, निम्मं वारं तिथंच उतरतं – असं मी आजही म्हणते. बारावी सायन्स झालेली आहे, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरी हे लिहितेय, कारण हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

दुष्काळाचं वर्ष. गेवराई तालुक्यात, तलवाड्याच्या अलीकडे, सोसायटीने चालवलेली चारा छावणी. जनावरांसोबत आम्हीही तिथंच ताडपत्रीखाली राहत होतो. आषाढात, तिसऱ्या महिन्यात, माझा गर्भ पडला. त्याच आठवड्यात आमची तांबडी गायही गाभडली.

गाईची जार – वासरामागून पडते ती – लवकर पडेना. माझ्या सासूबाई, मी त्यांना आत्याबाई म्हणते, दिवसभर तिच्या शेपटीमागे बसून होत्या. पडली तेव्हा काठीने उलटून पाहिली, आत काही राहिलं तर नाही ना, आणि मग खोल पुरली. माझ्याकडे असं कुणी पाहिलं नाही. मलाही सुचलं नाही, सायन्सवाली ना मी!

माझं रक्त थांबेना. चार दिवस कोरडे गेले की पुन्हा सुरू... कधी नुसता डाग, कधी इतकं की उठताना डोळ्यांपुढे अंधारी. भाद्रपद आला, ना पाऊस आला ना हे थांबलं. वर विटाळ म्हणून पाण्याच्या हंड्याला हात लावायचा नाही, दुधाच्या कॅनजवळ फिरकायचं नाही. तालुक्याच्या एका डॉक्टरने धड न तपासताच सांगितलं, पिशवी काढून टाका. दात काढा म्हणावं तसं. आमचे हे लगेच तयार, कारण सहकारी कारखान्याचा बॉयलर पेटला की ऊसतोडीला जायचं होतं. मला मूल हवं होतं हो! पण भांडायची ताकदच उरली नव्हती. सोमवार ठरला.

रविवारी भर दुपारी मी ताडपत्रीखाली पडले होते. मागून, गाईच्या बाजूने आवाज आला – "जार पडली न्हाई."

आवाज आत्याबाईंचाच. मी कण्हत म्हटलं, "पडली की आत्याबाई. तुमीच न्हाई का पुरली?"

"गाईची न्हाई, तुझी. पिशवीला हात लावू देऊ नको. आत ऱ्हायलंय तेवढंच काढाया सांग."

धरत-धरत उठून मागे गेले. तांबडी रवंथ करत होती. दुसरं कुणी नाही.

तासाभराने आत्याबाई डोक्यावर हंडा घेऊन आल्या. टँकरच्या रांगेत होत्या, पार गावच्या वेशीपाशी. मी घडलं ते सांगितलं. त्यांनी हंडा उतरवला.

"मी सकाळधरनं रांगेत हेच मनात म्हनत व्हते गं... तोंडातून शब्द न्हाई काढला. लेकापुढं कसं बोलावं?"

संध्याकाळी मात्र बोलल्या. "तिला बीडला न्यायची. पिशवी ऱ्हाऊ दे, आन् तुझा ऊस बी ऱ्हाऊ दे!" बीडच्या डॉक्टरबाईंनी सोनोग्राफी केली. आत तुकडा राहिला होता. तेवढा काढला, आठवड्यात रक्त थांबलं. पिशवी चांगली धडधाकट होती.

तुम्ही म्हणाल, अशक्तपणात भास होतात. होत असतील. पण जे मला ठाऊकच नव्हतं, ते त्यांच्या मनातल्या शब्दांत मला कसं ऐकू आलं? वेस तिथून किलोमीटरभर लांब. आत्याबाईंना विचारलं की त्या विषय बदलतात.

दोन वर्षांनी मला मुलगी झाली. नर्स पेढे मागायला बाहेर गेली, तर आत्याबाईंनी मुलगा की मुलगी हेसुद्धा विचारलं नाही. लेक शेजारीच उभा होता. आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "जार पडली का? समदी पडली का?"